थांबाताईंनी सभेत सांगितलं ते

माझ्या वहिनीला तिच्या ऑफिसात सगळे थांबाताई म्हणतात. शहराबाहेरचा जुना कचरा डेपो बंद होऊन बरीच वर्षं झाली. वर माती पडली, गवत आलं, आता ती हिरवी टेकडी दिसते. पण पोटात कचरा आहेच. त्यातून झिरपणारं पाणी जमिनीखाली कुठवर पोचतंय, हे बघायला टेकडीभोवती अरुंद बोअर घेतलेत. वहिनी त्यांत पंप सोडते, साचलेलं शिळं पाणी उपसते आणि ताजं पाणी येऊ लागलं की मगच बाटल्या भरते. ड्रायव्हर दर वेळी म्हणतो, "झालं की ताई, भरा आता." ही पाणी तपासणाऱ्या मीटरवरची नजर न काढता म्हणते, "थांबा."

दादा म्हणतो, "लग्नाला हो म्हणायलाही हिनं मला असंच ताटकळत ठेवलं होतं."

अशा बाईच्या हातून एकदा चूक झाली.

टेकडीच्या पायथ्याशी एक रोपवाटिका आहे आणि तिला लागून घरांची एक गल्ली. त्या गल्लीच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यात प्रयोगशाळेला पेट्रोलमधली विषारी रसायनं सापडली. झालं! गल्लीतल्या विहिरीचं पाणी बंद, टँकर सुरू. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. रोपवाटिकावाल्या काकांकडे तर गिऱ्हाईक फिरकेना. एका गरोदर बाईनं वहिनीला रस्त्यात गाठून विचारलं, "मी इतके दिवस हेच पाणी प्यायले. बाळाला काही होईल का हो?"

दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना ती मला म्हणाली, "कचऱ्यातून आलं असतं तर बाकीचंही काहीतरी वाढायला हवं होतं ना गं? नुसतं पेट्रोलच कसं?" आणि सुरी ठेवून आपली नोंदवही काढून बसली.

तिला नमुना घेतला तो दिवस आठवला होता. लेकीच्या शाळेतून फोन आला होता, पोरगी तापली होती. घाईत वहिनीनं पंपाच्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओतलं आणि हातमोजे न बदलताच बाटल्या उघडल्या. एरवी ती शुद्ध पाण्याची एक बाटली तिथेच भरून नेते. बाहेरून काही शिरलं तर तिच्यात कळतं. तीही राहून गेली होती.

तिनं साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा नमुने घेऊ. चांगले आले तर पाणी सुरू करू. पण हे बाहेर बोलू नका, लोकांचा विश्वासच उडेल."

"आणि ती पोटुशी बाई? तिनं जन्मभर समजायचं का, की आपण विष प्यायलो?"

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बोलायचंच असेल तर मीही येतो."

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. मी मागच्या बाकावर होते. वहिनी उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "चूक माझी असावी. पेट्रोल माझ्याच हातमोज्यांवरून बाटलीत गेलं असेल." मग एकच गलका झाला.

"माझी रोपं वाळली त्याचं काय?" काका ओरडले.

"बोला काका, ऐकून घेते."

"वरून दम आला असेल," कुणीतरी म्हणालं, "म्हणून आता पाणी चांगलं झालं!"

वहिनीचे कान लाल झाले. "चांगलं आहे असं मी म्हणतच नाहीये. मला माहीत नाही, एवढंच म्हणतेय. उद्या पुन्हा नमुने घेणार. समोर येऊन उभे राहा."

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली हजर. जनरेटर लांब, वारा जाईल त्या दिशेला. पेट्रोल ड्रायव्हरनं भरलं. वहिनीनं सगळ्यांदेखत नवे हातमोजे घातले. थोड्या वेळानं एक आजोबा कंटाळून म्हणाले, "झालं का?" तर वहिनीच्या आधी ड्रायव्हरच म्हणाला, "थांबा!" तेवढंच हसू फुटलं.

निम्म्या बाटल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या. दोन्हीकडे पाणी स्वच्छ निघालं आणि विहीर पुन्हा सुरू झाली. त्या गरोदर बाईनं घरी येऊन वहिनीचा हात नुसता घट्ट धरला. वहिनीला मात्र ऑफिसनं शिक्षा म्हणून काही महिने बाटल्या धुवायला बसवलं. तक्रार तिनं केली नाही. घरी भांडी जरा जोरात आदळायची, एवढंच.

काही वर्षांनी त्याच गल्लीच्या तोंडाशी कचऱ्यातून झिरपणारा अमोनिया खरोखरच वाढू लागला. तोवर वहिनी पुन्हा बोअरवर जाऊ लागली होती. ती दारोदार फिरली. "या वेळी खरं आहे. परत परत तपासलंय. पिऊ नका."

वाद घालणारा एकही निघाला नाही. काकांनी तिला खुर्ची दिली, पाण्याऐवजी बाटलीतलं सरबत दिलं आणि विहिरीचा पंप स्वतः बंद करून आले. मग गल्लीतल्या बायकांना बरोबर घेऊन नळाच्या पाण्यासाठी नगरपालिकेत जाऊन बसले.

आता तिथे शहराचं नळाचं पाणी येतं. टेकडीच्या त्या बाजूला झिरप अडवायला खोल चर खणलाय. अमोनिया उतरतोय, पण अगदी हळू. वहिनी अजून दर महिन्याला जाते, आणि परतताना काकांच्या ओट्यावर बसून या वेळचे आकडे त्यांना सांगते.