दीड वितीचा खड्डा

पुंजाला निवांत बसलेलं पाहिलंय असा माणूस नाशिकजवळच्या मखमलाबादेत शोधून सापडायचा नाही. जेवतानासुद्धा हा बाबा एक गुडघा उभा ठेवूनच जेवतो, म्हणजे उठायला बरं! द्राक्षबागेत लोखंडी अँगल रोवायचे आणि त्यांच्यावर तारा ओढायच्या, हे त्याचं तीस वर्षांचं काम. ओढलेली तार तीनदा हलवून पाहिल्याशिवाय तो बागेतून पाय काढत नाही, आणि घरी येऊन चहाचा कप तोंडाला लावला की चौथ्यांदा शंका येते. मग "जरा जाऊन येतो गं" म्हणून मोटारसायकलला किक. त्याची बायको सिंधुबाई सगळ्यांना सांगते, "लग्नात आमची गाठ मारली ना, तीबी ह्यांनी तीनदा ओढून बघितली व्हती."

अशा माणसाच्या घरी चार जूनला लग्न आणि तीन जूनला चक्रीवादळ. आता काय बोलायचं!

साल दोन हजार वीस. लॉकडाऊन होता आणि लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती. पुंजाची एकुलती एक लेक निकिता. मुलगा मयूर चांदवडचा, गुणाचा. एप्रिलची तारीख एकदा मोडली होती, त्यामुळे ही दुसरी तारीख धरताना घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखूनच धरली होती. मंगळवारी सकाळी मळ्यातल्या घरापुढं मुहूर्तमेढ रोवली. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब, मानाचा. पाच सवाशिणींनी खड्डा खणला, मेढीला हळदीचा जाड लेप दिला, पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधली, आंब्याचे डहाळे लावले. मग तिच्या आधारानं पुंजानं बांबू, हिरवी नेट आणि ताडपत्रीचा मांडव स्वतःच्या हातानं घातला. एक बाजू पडवीच्या पत्र्याखालच्या पाइपाला बांधली. सगळं तीनदा हलवून पाहिलं. मेढ तेवढी हलवायला गेला, तर मागून आवाज आला, "ए पुंजा! देवाची मेढ हाय ती. तिला हलवून बघत्यात व्हय रं?"

ही अक्काबाई, पुंजाची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परत आली. आई नसलेल्या पुंजाला तिनंच वाढवलं. घरातल्या लग्नकार्याचं सगळं ज्ञान तिच्यापाशी. काय आधी, काय मागून, कुणी कुठं उभं राहायचं, हे सगळं तिनंच सांगायचं, पण सात हात लांबून. मेढीला, हळदीला, नवरीच्या शालूला ती बोट लावायची नाही. सिंधुबाई म्हणायची, "वन्सं, या की पुढं." त्यावर हिचं उत्तर ठरलेलं, "मला नगं. पोरीचं समदं चांगलं व्हऊ दे."

मंगळवारी दुपारी टीव्हीवर सांगितलं, वादळ अलिबागकडं जमिनीवर चढणार आणि तिथून नाशिकच्या दिशेनं येणार.

"नाशिकला कुठलं आलंय समुद्राचं वादळ!" सिंधुबाई म्हणाली. "मधी सह्याद्री काय झोपा काढतोय का?"

पण पुंजाच्या पायाला भिंगरी लागली ती लागलीच. गोणपाटात वाळू भरून पत्र्यावर चढवली. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळला. लाइट जाणारच म्हणून घरातली झाडून सगळी भांडी भरून घेतली, लोटीसुद्धा सोडली नाही. बस्त्याचे कपडे खताच्या कोऱ्या गोणीत बांधून लोखंडी पेटीत टाकले. गाय लिंबाखालून सोडून गोठ्यात आणली. दर अर्ध्या तासानं तो आभाळाकडं बघायचा आणि आभाळ नुसतंच राखाडी दिसायचं. त्यानं तर तो आणखीच चिडायचा. वारं आलं असतं तर त्याच्याशी दोन हात करता आले असते. पण येणार येणार म्हणत ते येईना, आणि ह्याचा जीव टांगणीला लागलेला.

बुधवारी सकाळी पुंजा पडवीत उभा असताना एक झुळूक आली. ताडपत्री खालून फुगली आणि तिच्याबरोबर पडवीचा पत्रा कुरकुरला. एवढं मोठं शीड आपणच आपल्या घराला बांधून ठेवलंय! वारं आलं की मांडव तर जाईलच, पण घराचं छप्परही घेऊन जाईल.

"अक्का, मांडव उतरवतो," तो म्हणाला.

अक्काबाईच्या हातातलं सूप थांबलं. का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काबाईच्या लग्नात वावटळ आली होती आणि मांडव आडवा झाला होता. पुंजा तेव्हा आठ वर्षांचा होता, ताटावर बसलेला. अंगावर बांबू आले ते त्याला अजून आठवतं. पुढं दोन वर्षांत तिचा नवरा गेला. तेव्हापासून सासरी, माहेरी, बाजारात, नळावर एकच बोलणं: मांडव पडला तेव्हाच समजलं होतं.

"पत्रा गेला तर पोरीला हळद कुठं लावायची, अक्का? उघड्यावर?"

अक्काबाईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "वरलं काय ते काढ. मेढीला हात लावू नको. मेढ उभी हाय तवर मांडव उभा हाय. पण ती पडली ना पुंजा, तर लोक माझ्या पोरीला काय म्हणतील ते मला इचार. चाळीस वर्सं ऐकलंय मी."

पुंजानं दोऱ्या सोडल्या, बांबू उतरवले, नेट गुंडाळली. अंगणात एकटी मेढ राहिली, डोक्यावर आंब्याचे डहाळे घेऊन. चांदवडहून व्याह्यांचा फोन आला, "पाव्हणं, उद्याचं कसं?" पुंजा म्हणाला, "समदं बरोबर हाय, तुम्ही या." आणि फोन ठेवून परत पत्रा बघायला गेला.

दुपारनंतर पाऊस सुरू झाला आणि संध्याकाळी वारं आलं. आलं म्हणजे काय, अंगावर धावूनच आलं! लाइट गेली. लिंबाची फांदी कडाडकन मोडली. गोठ्याचा एक पत्रा उचकटायला लागला तसा पुंजा धावला आणि आत शिरून, दोन्ही हातांनी आडवा पाइप ओढून त्याला लोंबकळला. गाय हंबरत होती. सिंधुबाई आणि निकिता घरात दाराला पाठ लावून उभ्या होत्या, कारण कडी तुटली होती.

आणि तिथं, पाइपाला लोंबकळत असताना, पुंजाला तो खड्डा आठवला.

दीड वीत! पाच सवाशिणींनी गाणी म्हणत, हसत-खिदळत खणलेला दीड वितीचा खड्डा. बागेत जो माणूस अडीच फुटांपेक्षा कमी खोल अँगल रोवू देत नाही, पोरांना शिव्या घालतो, त्यानं हा एक खांब बघितला नव्हता. मांडव होता तोवर वरच्या दोऱ्यांनी मेढ धरून ठेवली होती. त्या दोऱ्या सकाळी त्यानंच सोडल्या. आणि देवाची मेढ हलवून बघायची नसते, म्हणून बघितलीही नाही.

"अरे देवा, काय केलं मी हे!" तो ओरडला. समोर मेढ कलत होती. पाइप सोडावा तर पत्रा गायीवर येणार.

तेवढ्यात पडवीतून काहीतरी पांढरं धावलं. अक्काबाई! बासष्ट वर्षांची बाई, पदर वाऱ्यावर, पाय चिखलात. तिनं जाऊन मेढीला दोन्ही हातांनी मिठी मारली. वारं तिला मेढीसकट ढकलत होतं आणि ती टाचा रोवून परत सरळ करत होती. वर तोंड करून ती वाऱ्याला शिव्या देत होती, असल्या की पुंजानं तिच्या तोंडून जन्मात ऐकल्या नव्हत्या. "माझा नेला ना रे मेल्या! हिचा नाय नेऊ देणार!"

वाऱ्याचा जोर जरा कमी झाल्यावर पुंजानं पत्र्यावर दगड टाकले आणि पहार, तार, पक्कड घेऊन धावत आला. तीन बाजूंना खुंट ठोकले आणि मेढीला तिन्हीकडून तारेचे ताण दिले. गाठी बरोबर बसल्या.

"अक्का, सोड आता."

"हलवून बघ," ती म्हणाली.

"देवाची मेढ हाय ना ती?"

"हलवून बघ म्हनते ना!"

त्यानं तीनदा हलवली. मग तिनं हात सोडले.

घरात मोबाइलच्या उजेडात सगळ्यांनी तिला पाहिलं. मेढीवरची हळद पावसात विरघळून तिच्या अंगावर आली होती. तळवे, कोपरापर्यंत हात, गाल, पांढऱ्या लुगड्याची छाती, सगळं पिवळंधमक. अक्काबाईनं हात पाहिले आणि ती भिंतीला टेकली.

"मी शिवले रे मेढीला," ती म्हणाली, आणि चाळीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं तशी हमसून रडायला लागली. "पोरीच्या मेढीला शिवले मी. पाणी द्या, धुवून टाकते. लवकर द्या कुणीतरी!"

पुंजानं आत एवढी भांडी भरून ठेवलेली, पण पाणी कुणीच दिलं नाही. निकिता उठली. तिनं आत्याचे दोन्ही हात मनगटाला धरले आणि तळवे आपल्या गालांवर ठेवले.

"सोड! येडी झालीस का?" अक्काबाई हात ओढायला लागली. "सिंधू, सांग हिला!"

सिंधुबाईनं डोळे पुसले. "वन्सं, हात आखडू नका," ती म्हणाली. "ओली हळद हाय, वाया जाईल. कपाळालाबी लावा."

बाहेर वारं अजून दारावर धडका देत होतं. पुंजाला वाटलं, जाऊन एकदा तारा बघाव्यात. तो दारापर्यंत गेलासुद्धा. मग मागं फिरला, मोडक्या दाराला पाठ लावून खाली बसला, दोन्ही गुडघे मोडून, चक्क मांडी घालून, आणि आपल्या बहिणीला आपल्या लेकीच्या कपाळाला हळद लावताना बघत राहिला.