बेलिफाचा फळा

त्याला सगळे बेलिफच म्हणत, नोकरी संपून सहा वर्षं झाली तरी. न्यायालयाचं समन्स ज्याच्या त्याच्या दारी नेऊन हातात द्यायचं, हे त्याचं काम. एकतीस वर्षं केलं. आता असल्या माणसाला कोण या बसा म्हणणार? तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की माणसं मागच्या दारानं पसार व्हायची. बायको उंबऱ्यात येऊन सांगायची, ते गावाला गेलेत, आणि ते खाटेखाली. बेलिफ वाद घालायचा नाही. पायरीवर बसून राहायचा. खाटेखालच्या माणसाला कधी ना कधी खोकला येतोच, असं तो म्हणायचा, आणि यायचाही.

कागदात काय लिहिलंय ते त्यानं जन्मात वाचलं नाही. याचा त्याला केवढा अभिमान! कुणाचं घर जातंय, कुणाचा संसार मोडतोय, हे वाचलं की दया येते, आणि दया आली की पाय अडखळतो, असं त्याचं म्हणणं. आपण परत येऊन लिहायचं ते एवढंच, बजावलं किंवा बजावलं नाही. तारीख, वेळ, सही, खाली पंचाचं नाव. एकदा एका वकिलानं भर कोर्टात त्याला खोटं पाडायचा घाट घातला, तेव्हा न्यायाधीश म्हणाले होते, या माणसाचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते वाक्य त्यानं घरी येऊन ताईला सांगितलं, आणि ताईनं सगळ्या वॉर्डाला.

ताई त्याची थोरली बहीण. तिला नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. याचं लग्न राहून गेलं. दोघं दोन खोल्यांत राहत. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता, त्यामुळे त्याला लहानाचं मोठं तिनंच केलेलं. साखरेचं दुखणं तिच्या मानगुटीवर कधीचं बसलेलं, आणि दोन वर्षांपूर्वी पायाच्या बोटांना लागलं ते काही केल्या भरून येईना. एक दिवसाआड वॉर्डाच्या दवाखान्यात जाऊन ती पट्टी बदलून घ्यायची. दवाखाना रस्त्यापलीकडेच. तिथल्या सिस्टरचा हात इतका हलका की ताई म्हणायची, ती पट्टी सोडते तेव्हा मला कळतसुद्धा नाही, मी आपली बोलत असते.

आता फळ्याचं. वॉर्डातल्या वाचनालयात संध्याकाळी पाचसहा मंडळी जमायची. त्यात शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांच्या डोक्यात आलं की निवडणुकीला उभं राहणाऱ्यांना लेखी प्रश्न विचारायचे. पाणी, गटार, रस्ता, दवाखाना असे सात प्रश्न, एका कागदावर. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, तर सगळ्यांच्या माना बेलिफाकडे वळल्या. पहिल्या खेपेला एकाही उमेदवारानं उत्तर दिलं नाही. बेलिफानं वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर फळा टांगला. नाव, कागद दिल्याची तारीख, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात सुबक अक्षरात चारदा, उत्तर नाही. लोक जाता येता थांबून वाचायचे आणि हसायचे. जुना नगरसेवक पडला. पडला तो आपल्या कर्मानं, पण त्यानं खापर फळ्यावर फोडलं, आणि तेव्हापासून फळ्याला मान आला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, दुसरं काय.

बाईंचं मत होतं की फळ्यावर उत्तरंही लिहावीत, निदान थोडक्यात. बेलिफानं ठाम नाही म्हटलं. उत्तर थोडक्यात लिहिलं की आपण कुणाची तरी बाजू घेतली. आलं की नाही आलं, बाकी आपलं काम नाही. सातही जागा भरलेल्या हव्यात, खाली सही हवी, आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत कागद हातात हवा. बाईंना ते पटलं. त्या वेळी सगळ्यांनाच पटलं होतं.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. या खेपेला सिस्टर उभी राहिली. अकरा वर्षं कंत्राटावर काढली, पगार वाढला नाही, आणि दवाखाना हलवणार अशी कुजबुज कानावर आली तेव्हा राजीनामा देऊन तिनं अर्ज भरला. तिच्यासमोर ठेकेदार. वॉर्डातले निम्मे रस्ते त्यानं केलेले आणि तेच निम्मे उखडलेले. आणखी दोघं होते, ते नातेवाइकांच्या मतांवर उभे राहतात तसले. दवाखाना राहतो की जातो ते सिस्टर येते की ठेकेदार यावर होतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ताई तर पायाकडे बघून रोज म्हणायची, या बाईला निवडून आणा रे बाबांनो.

ठेकेदाराचा कागद गुरुवारीच आला. टाइप केलेला, गुळगुळीत, सातही जागा भरलेल्या. बेलिफानं जागा मोजल्या, सही बघितली, वेळ लिहिली आणि फळ्यावर लिहून टाकलं, उत्तर आलं.

सिस्टर शनिवारी साडेपाचला आली. दिवसभर दारोदार हिंडून चेहरा उतरलेला. कागद तिनं हातानं लिहिला होता, दोन्ही बाजूंनी, समासातसुद्धा. बेलिफानं जागा मोजल्या.

"चार नंबर राहिलाय," तो म्हणाला.

चौथा प्रश्न दवाखान्याचाच होता. दवाखाना आहे त्या जागीच ठेवण्याची हमी देता का? सिस्टरनं सांगितलं की त्या जागेची फाइल कचेरीत आहे, खूप मागे लागल्यावर सोमवारी दाखवतो म्हणालेत. जागा कुणाच्या नावावर आहे, काय ठराव झालाय, हे बघितल्याशिवाय हमी कशी देऊ? सोमवारी दुपारी मी स्वतः लिहून आणते.

"मुदत आज सहाची आहे."

"मग खोटं लिहू का, काका?"

"काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी वाचत नाही. जागा रिकामी नको, एवढंच."

मोठ्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, अहो, लिहा ना फळ्यावर, सहा उत्तरं आली, एक सोमवारी येईल, दोन ओळींचा तर प्रश्न आहे. बेलिफ म्हणाला, अर्धं समन्स बजावलं असं कधी असतं का, बाई? फळ्यावर शेरे दोनच, उत्तर आलं किंवा उत्तर नाही. बाईंनी कपाळाला हात लावला.

सिस्टरनं पेन उघडलं. चौथ्या जागेवर टेकवलंसुद्धा. बेलिफ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, तिच्याकडे नाही. मग तिनं पेनाला टोपण लावलं.

"नाही, काका. दवाखान्यात माणसं माझ्या शब्दावर गोळी घेतात. तुम्ही उत्तर नाही असंच लिहा."

सहाला त्यानं खडू उचलला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. दगड नव्हता तो. पण वाईट वाटण्यापेक्षा छाती जास्त फुगली. घरी जाऊन त्यानं ताईला सांगितलं की आज आपल्या माणसालाही सोडलं नाही. ताई पाय उशीवर ठेवून बसली होती. म्हणाली, तू कधी कुणाला सोडलंस? आणि तो खुशीत जेवायला बसला.

रविवारी मोठ्या बाईंनी कागद फाइलला लावताना ठेकेदाराचा वाचला. सातही प्रश्नांपुढे एकच शब्द, होय. पाणी रोज देणार का, होय. दवाखाना ठेवणार का, होय. सहावा प्रश्न होता, गेल्या पाच वर्षांत तुम्ही वॉर्डासाठी काय केलंत? त्याच्यापुढेही होय. बाई तो कागद नाचवत बेलिफाच्या घरी आल्या. बेलिफ म्हणाला, जागा रिकामी नव्हती.

"गाढवानं अंगठा उठवला असता तरी तुम्ही उत्तर आलं म्हणून लिहिलं असतंत," बाई म्हणाल्या.

बेलिफानं यावर नीट विचार केला आणि सांगितलं की गाढव उमेदवार असतं तर लिहिलं असतं. बाईंना हसावं की रडावं ते कळेना.

तोवर ठेकेदाराच्या माणसांनी फळ्याचा फोटो काढला होता. सोमवारी सकाळी घरोघरी पत्रकं पडली. वर मोठ्या अक्षरात, तुमच्या प्रश्नांना हिनं उत्तर दिलं नाही. खाली फळा, आणि सिस्टरच्या नावाभोवती लाल गोल. बेलिफाचं वळणदार अक्षर पत्रकावर फार सुरेख दिसत होतं.

त्याच दुपारी सिस्टर फाइल बघून आली. पानभर लिहून आणलं होतं तिनं. दवाखान्याची जागा दुकानांसाठी द्यायचा प्रस्ताव दोन वर्षांपासून पडून होता, अर्जदार ठेकेदाराचा मेहुणा होता, आणि मी निवडून आले तर पहिला विरोध याला, असं खाली सहीनिशी. बेलिफानं कागद घेतला, त्यावर मुदतीनंतर आला असं लिहिलं आणि फाइलला लावला. बाई उठल्या, ओला फडका घेतला आणि बाहेर फळ्याकडे निघाल्या. बेलिफ त्यांच्या आधी पोचला. दोन्ही हात पसरून फळ्यापुढे उभा राहिला. भर रस्त्यात, दोन म्हातारी माणसं, एकीच्या हातात फडका, आणि लोक जमलेले. बाईंनी फडका त्याच्या पायाशी टाकला आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या वाचनालयात आल्या नाहीत.

गुरुवारी मतदान झालं. सिस्टर अडतीस मतांनी पडली. बाई चांगली आहे हो, लोक म्हणायचे, पण साध्या प्रश्नांना उत्तर देईना म्हणजे काहीतरी पाणी मुरत असणार. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि दोरी ओढायला सगळा वॉर्ड. पंधरा दिवसांत सिस्टरला लांबच्या एका इस्पितळात नोकरी मिळाली, ती बिऱ्हाड हलवून गेली. जाताना ताईला पायासाठी मलमाच्या दोन नळ्या देऊन गेली.

सात महिन्यांनी दवाखान्याला कुलूप लागलं. नवा दवाखाना पुलापलीकडे, दोन बस बदलून. ताईला एक दिवसाआड ते जमेना. मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. तिथे प्रत्येक वेळी नवीन माणूस, पट्टी ओढून काढणारा. जखम चिघळली, काळी पडली, आणि एका मंगळवारी इस्पितळात तिची दोन बोटं काढली. पाय वाचला, नशीब म्हणा, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला?

ताईला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी बेलिफ ठेकेदाराचा कागद घेऊन त्याच्या कचेरीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला कागदात काय लिहिलंय ते विचारायला गेला होता. ठेकेदारानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला, कागद वाचला आणि मोकळेपणानं हसला.

"उत्तर दिलं होतं ना मी? तुम्हीच लिहिलंत. मग आता काय राहिलं?" आणि चहा पुढे सरकवत म्हणाला, "फळा मात्र बंद करू नका हं. चांगलं काम आहे तुमचं."

बेलिफ चहा न पिता उठला. घरी येईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ताईपुढे कोमट पाण्याचं भांडं, कापूस, पट्टी मांडता मांडता तो बडबडत होता. ठेकेदाराला शिव्या घालून झाल्या, मग वॉर्डावर घसरला. अकरा वर्षं जिनं यांची पोरं न्हाऊमाखू घातली, जखमा धुतल्या, तिला सोडून या नालायकाला मत देताना यांचे हात झडले कसे नाहीत? अडतीस मतं, फक्त अडतीस. असे कोण करंटे निघाले या वॉर्डात, एकदा तोंडं तरी बघायची आहेत मला त्यांची.

ताई ऐकत होती. त्याचा दम संपल्यावर म्हणाली, "त्यातलं एक तोंड हे बघ."

त्याला आधी कळलंच नाही.

"मी त्याला दिलं मत," ताई म्हणाली. "पार आत जाईपर्यंत मनात तीच होती. पण फळ्यावर तिच्या नावापुढे तू उत्तर नाही असं लिहिलं होतंस. तू जन्मात खोटं लिहिलं नाहीस. मला वाटलं, तुला काहीतरी कळलं असणार, त्याशिवाय आपल्या माणसाला तू असा लांब ठेवणार नाहीस. तिचंच मलम होतं रे त्या वेळी पायावर."

"मला विचारायचंस तरी, ताई."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

सांगितलं नसतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. तो तिच्या पायाशी तसाच बसून राहिला, हातात कापूस घेऊन. पाणी गार होत चाललंय, ताई म्हणाली, आणि दोन बोटं नसलेला पाय त्याच्या मांडीवर ठेवला.