आप्पांच्या नावावरचं माझं कर्ज

एमएस्सीच्या फीसाठी बँकेतून शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकच अट होती. कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर हवं. “पोरीच्या नावावर कर्ज नगं. उद्या बघायला येणारे इचारत्यात.” बँकेतले साहेब म्हणत होते, मुलीला कर्जदार करा, पुढे तिच्याच फायद्याचं आहे. आप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी निमूट फॉर्म बदलला.

पुढे मला सोलापुरात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि हप्ते मी भरू लागले. जुनी करपद्धत घेतली तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, हे ऑफिसात कळलं. कापलेला कर परत येणार म्हणून मी हवेतच होते. फाइल घेऊन कर सल्लागाराकडे निघाले, तर मंद्रूपहून आलेले आप्पाही कौतुकाने सोबत आले.

“कर्ज कोणाच्या नावावर?” सल्लागाराने विचारलं.

“माझ्या,” आप्पा छाती काढून म्हणाले.

“मग हप्ते हिने भरले तरी हिला सूट नाही. तुमचं उत्पन्न काय?”

“शेती.”

“शेतीला तर करच नाही.”

म्हणजे कर मला आणि कर्ज आप्पांना. मला रडू येईल इतका राग आला. आप्पा मात्र विचारात पडले होते. “मग मला टॅक्स बसंल असं कायतरी करा की. सूट वाया कशाला घालवायची?” सल्लागाराने चष्मा काढून पुसला. असं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नसावं.

त्याच वर्षी मी नोकरी सांभाळून एमबीएला प्रवेश घेतला. ओढाताण करून फी भरता आली असती, पण मी मुद्दाम कर्ज काढलं, माझ्या नावावर. जामीनदार म्हणून सही करा, असं सांगून कागद आप्पांपुढे ठेवला. कर्जदाराच्या रकान्यातलं माझं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग सही केली.

दिवाळीनंतर अकलूजहून पाहुणे मला बघायला आले. पोहे झाले, पगार विचारून झाला. मग मुलाच्या काकांनी हळूच विषय काढला, “कर्जबिर्ज काही?”

आप्पा आता सरळ नाही म्हणून मोकळे होणार, याची मला खात्री होती. मी मान खाली घातली.

“हाय की. पोरीच्याच नावावर हाय,” आप्पा म्हणाले. “व्याजावर टॅक्समधी सूट बी मिळती तिला. तुमच्या पोराला मिळती का?”