शून्य म्हणजे हो

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. म्हणजे — एकदा सांगितलं, पण ते सांगणं धरायचं की नाही, हेच मला समजत नाही. बसा जरा. मला सरळ सांगता येत नाही. आधी कम्प्यूटरचं सांगते, मग विमलताईंचं.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला अन् त्याचा कम्प्यूटर घमापुरच्या घरात माझ्यापाशी राहिला, कॉलेजच्या जावाच्या — प्रोग्राम लिहायची ती भाषा — पुस्तकासकट. घरात मी एकटी. दुपारभर करायचं काय? पुस्तक उघडलं, व्हिडिओ पाहिले, चुकत चुकत शिकली. स्क्रीनवर एक खिडकी उघडायची, तिच्यात लिहायचे चौकोन मांडायचे, खाली बटणं. आपण लिहिलेलं बटण दाबलं अन् खरंच काही झालं — या वयात तो आनंद कसा असतो, काय सांगू तुम्हाला?

विमलताई समोरच राहतात. माझ्याहून मोठ्या, विहाराच्या महिला मंडळाच्या कर्त्या. मंडळाची मोठी भांडी — गंज, पराती, झारे — वस्तीत लग्नाला, नामकरणाला जातात. कोणाकडे काय गेलं, कोणता झारा वाकून परत आला, सगळं ताईंच्या डोक्यात. मीच म्हटलं, ताई, याचा प्रोग्राम करू. केला. नाव, भांडं, नेलं, आणलं. ‘जमा करा’, ‘शोधा’. अन् हौसेनं एक ‘सगळं पुसा’ — व्हिडिओत होतं म्हणून. नाहीतर ते बटण काहून पाहिजे होतं, सांगा?

बरं, तेही दाबलं की एकदम पुसत नव्हतं. एक छोटी पेटी उघडायची — ‘खरंच पुसायचं?’ — खाली यस अन् नो. कोणतं दाबलं ते प्रोग्रामला आकड्यात कळते. मी धरून चालली की एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. पंपाच्या बटणावर तसंच तर असते — एक चालू, शून्य बंद. तपासलं का? पेटी उघडते एवढं पाहिलं अन् कोपऱ्यातली फुली दाबून बंद केली. पुसलं जाईल म्हणून भीती वाटली.

ताई रोज दुपारी यायच्या, एका बोटानं सगळं डोक्यातलं भरायच्या. किती दिवस भरत होत्या. एक दिवस मी चहा ठेवायला आत गेली अन् त्यांचा आवाज आला — “इकडे या वो जरा.” स्क्रीन रिकामा. चुकून ‘पुसा’वर बोट गेलं म्हणे, पेटी आली, त्यांनी वाचलं अन् नो दाबलं. “नोच दाबलं मी.” मी म्हटलं, ताई, यस दाबलं असेल, घाईत होते असं. तेव्हा मला तसंच वाटलं, हे खरं आहे. पण पुढचं?

संध्याकाळी त्यांचा मुलगा संजू न्यायला आला, तर मी हसत म्हटलं, “तुझी आई आता हो अन् नाही विसरून राहिली रे.” तो हसला नाही. त्याच आठवड्यात ताई गॅसवर दूध विसरल्या होत्या. दूध कोण विसरत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन खोटी नावं भरली, ‘पुसा’ दाबलं अन् नो म्हटलं. गेली दोन्ही. जावात यस म्हणजे शून्य. नो म्हणजे एक. मी उलटं लिहिलं होतं. एक खोडून शून्य लिहिलं — झालं.

चप्पल घालून मी त्यांच्या फाटकापर्यंत गेलीही. ताई ओट्यावर मेथी निवडत होत्या, मंडळाच्या दोघी-तिघी बाजूला. त्यातली एक म्हणाली, “आल्या आमच्या इंजिनियर बाई.” अन् मी — मी म्हटलं, प्रोग्रामला आता पक्कं कुलूप लावलं आहे, कोणाच्याही हातून पुसणार नाही. कोणाच्याही हातून! ताईंनी खाली पाहिलं अन् मेथी निवडत राहिल्या.

मग एकेक होत गेलं. मंडळाच्या कपाटाची चावी दुसरीकडे गेली. संजूनं गॅसपाशी जाऊ देणं बंद केलं, ओमती भागातल्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आल्या. ताई कुलूप लावून परत हात लावून पाहायच्या. वरणात मीठ घालायच्या आधी सुनेला विचारायच्या. मला मात्र एकच विचारायच्या — “मी नोच दाबलं होतं न वो?” मी म्हणायची, जाऊ द्या न ताई, भांडी कुठं पळाली का? त्या हसायच्या. मीही.

आता त्या खरंच विसरतात. कधी माझं नावही. डॉक्टर म्हणतात वयाचा आजार आहे. असेल. दुधाच्या दिवसापासूनच होता का? तो आलाच असता का? की सगळ्यांनी म्हटलं म्हणून त्यांनीच आपल्या डोक्यावरचा भरोसा सोडला — अन् भरोसा सोडल्यानं हे असं होते का कधी? मला माहीत नाही. एकदा वाटते हो, एकदा वाटते नाही. पण त्या दिवशी बोट बरोबर जागी पडलं होतं, हे मला माहीत आहे, अन् फक्त मलाच.

परवा गेली होती. संजू तिथंच होता. ताईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, नाव काही आठवलं नाही, अन् विचारलं — “मी नोच दाबलं होतं न वो?”

मी म्हटलं, “हो ताई. तुम्ही नोच दाबलं होतं. मीच उलटं लिहिलं होतं. चूक माझी.”

त्यांनी मान वळवून संजूकडे पाहिलं. सरळ, साक्षीदार उभा केल्यासारखं.

संजू हसत होता. मला फाटकापर्यंत सोडायला आला अन् इकडच्या पोरांसारखं हिंदीत हळूच म्हणाला, “मौसी, आप बढ़िया सँभाल लेती हो इनको. हम तो चिढ़ जाते हैं.”

मी म्हटलं, चलो, येते मी. रस्ता ओलांडून घरी आली.

भांड्यांचा प्रोग्राम अजून चालतो. चुकत नाही.