जुळाऱ्याचा संगणक

कचेरीसमोरच्या दुकानात अर्ज टाइप करून देणाऱ्या त्या माणसाला सगळे जुळारी म्हणत. तरुणपणी छापखान्यात एकेक खिळा जुळवून ओळ बांधायचा, ती खोड हाडात मुरलेली. छापखाना बुडाला, संगणक आला, तरी गड्याची रीत तीच. त्यावर लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकटातली प्रणाली, घालायचं ठरलं तेव्हा बसवल्याबरोबर चालणारं तयार लिनक्सही फुकटच मिळत होतं. ह्याने नाक मुरडलं. "मी काय आयत्या बिळावरचा नागोबा आहे?" म्हणाला, आणि कोऱ्या काळ्या पडद्यापासून एकेक तुकडा बसवत गेला. नुसता प्रिंटर बोलता करायला अकरा दिवस गेले. पडद्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. सगळं हुकूम टाइप करून चालायचं, आणि हुकूम ह्याच्या डोक्यात.

"बायको तेवढी तयार आणलीत, ती बरी चालली!" बायको म्हणायची. "अहो, कागदावर लिहून तरी ठेवा."

"मी आहे ना!"

एका सकाळी तो खुर्चीतच कलंडला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. तोंडातून एवढंच निघायचं, "ब... ब..."

त्याची खाट दुकानामागच्या खोलीत, मधलं दार उघडं. बायको दोन आठवडे काळ्या पडद्यासमोर बसली. टाइप तिला येत होतं. पण कोरं पान उघडायचं कसं, तेच ठाऊक नाही. गिऱ्हाईक शेजारच्या टपरीकडे वळायला लागलं. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

धाकटा दीर पेनड्राइव्ह घेऊन आला, संगणकाला लावून थोडी खटपट केली. "वहिनी, ह्यात तयारवालं लिनक्स आहे. अर्जांच्या फायली काढून घेतल्यात. बाकी दादाचं सगळं पुसलं जाईल."

"त्यांना विचार."

"विचारून काय? धडधाकट होता तेव्हा तरी कधी हो म्हणाला?"

तिने दारातून पाहिलं. जुळाऱ्याने डाव्या मुठीत चादर आवळली होती, डोळे पडद्यावर. "ब... ब..."

"तुमचं ठेवलं तर चूल विझते," ती म्हणाली, आणि बटण स्वतःच दाबलं.

अर्ध्या तासात झालं. प्रिंटर पहिल्याच फटक्यात बोलला. तो आवाज ऐकून जुळाऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

पहिला अर्ज तिने त्याचाच टाइप केला, अपंगत्वाच्या दाखल्याचा. कागद घेऊन खाटेपाशी गेली, त्याचा डावा अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि सहीच्या जागी टेकवला. त्याने हात आखडला नाही. दिला असंही नाही. ठसा जरा फरफटला.

तिने शाई फुंकून वाळवली, त्याचा अंगठा चादरीला पुसला आणि बाहेर हाक दिली, "कोण आहे पुढचं?"