भोंगा म्हणतो, आलोच!

सन २०२१. मला सत्तरावं लागलं होतं. शाळा दुसरीपर्यंत, पण आवाज असा, की जळकोटच्या बाजारात मी बैलाला दटावलं तर गिऱ्हाईक बाजूला व्हायचं.

डोंगराकडच्या रानात हरभऱ्याला घाटे धरले होते. घरची वर्षाची डाळ तीच. वानरांची टोळी आधी डोंगरातल्या सीताफळांवर जगायची. माणसांनी तिथं प्लॉट पाडले, झाडं गेली, तशी तीही शेतीला लागली. पेरणी आमच्याकडं, काढणी त्यांच्याकडं.

थोरल्या पोरानं आवाज भरायचा भोंगा आणला. म्हणला, "आबा, तुमच्यासारखं कोण वरडतंय? तुमीच भरा." मी छाती फुगवून भरलं, "ए काळतोंड्या! थांब, आलोच! तंगडंच मोडतो!"

भोंगा रानातल्या बाभळीला टांगला, दिवसभर तेच परत परत वाजायचं. आठवडाभर शेपूट दिसलं नाही. मी पारावर सांगत सुटलो, आपण घरी झोपलो तरी आपल्या आवाजाला वानर भितंय.

मग शेजारचा रानवाला आला. "काका, तुमचा भोंगा काय करून राहिलाय, बघा चला."

जाऊन बघतो तर भोंग्यावर एक वानरीण बसून पिल्लाच्या उवा बघतेय, खाली टोळी घाटे सोलतेय. "आलोच!" झालं, की म्हातारा हुप्प्या वाटेकडं बघायचा, कुणी नाही म्हणून परत खायला लागायचा.

शेजारी म्हणला, "भोंगा वाजतोय म्हंजी माणूस न्हाई, हे कळलंय त्यांला. आता माझ्या रानातली बी तुमच्याकडंच येतेत. लई उपकार झाले, काका!"

घरी येऊन म्हणलं, वानरं लई माजलेत.

म्हातारी भाकरी थापत होती. "माजलेत कशाची? मी नवी नवरी असताना तुमी वरडलं की चळचळा कापायची. वरडणारा जागचा उठत न्हाई, हे कळायला मला दोन वर्सं लागली. वानरं हुशार. जेवा आता."

जेवलो नाही. भोंगा काढावा तर गाव हसणार, ठेवावा तर डाळ जाणार.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गोफण घेऊन रानात गेलो. भोंगा वाजू दिला. त्याच्याच खाली घोंगडं पांघरून, तोंड मिटून बसलो. बांधावर पहिलं शेपूट दिसलं, तसा उठलो. न ओरडता.