शेवटचं कोण?

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात काबुली चण्याचं पोतं उघडलं, की त्या कोरड्या, मातकट वासाबरोबर मला स्पेनमधल्या पहिल्या वर्षातलं एक वाणसामानाचं दुकान आठवतं. स्पॅनिशचा क्लास लावून तीनच आठवडे झाले होते, पण अर्धा किलो चणे मागण्याइतकी भाषा मला येत होती. दुकानात सातआठ माणसं इकडेतिकडे उभी होती, रांग कुठेच नव्हती. मी पक्की ग्वाल्हेरची, रांग नाही म्हणजे रस्ता मोकळा! थेट काउंटर गाठलं आणि ठणकावून चणे मागितले. सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. एका आजींनी मला बाजूला घेऊन हातवारे करत समजावलं, की इथे रांग दिसत नाही, पण असते. आत आल्यावर ‘शेवटचं कोण?’ असं विचारायचं आणि त्या माणसाच्या मागे आपला नंबर धरायचा. माझे कान तापले, पण मी पळाले नाही. दाराशी परत गेले आणि मोठ्याने विचारलं, ‘किएन एस एल उल्तिमो?’ आजींनीच हसून हात वर केला. तेवढ्यात एक गृहस्थ आत आले आणि त्यांनीही तेच विचारलं. मी ताठ मानेने म्हटलं, ‘यो.’ म्हणजे मी. ते मान हलवून माझ्यामागे थांबले, अगदी मी तिथलीच असल्यासारखे. परवा दाल बाजारात सवयीने तोंडातून निघालंच, ‘भैया, लास्ट में कौन है?’ दुकानदार बघतच राहिला. ‘यहाँ लास्ट में कोई नहीं होता, दीदी.’ मग काय, कोपराने वाट काढत मी पुढे घुसले.